डोक्याला मार लागून माणूस घरी येतो तेव्हा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ऊस हंगामातल्या रात्रीच्या अपघातांवर लिहिलं होतं. त्यावर पत्रं भरपूर आली, पण बहुतेकांना अपघाताबद्दल काही विचारायचं नव्हतं. त्यांचा प्रश्न होता अपघातातून वाचून घरी आलेल्या माणसाचा. हातपाय धड, बोलणं धड, पण वागणं पूर्वीचं नाही. म्हणून या महिन्याचं सगळं सदर याच प्रश्नांना देते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. दुखण्यातून उठलेल्या माणसाला त्याच्या रोजच्या कामात परत बसवणं हे आमचं काम. ऑपरेशनचे आणि औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे मिस्टर ४१ वर्षांचे. घरात चार माग आहेत. गेल्या हिवाळ्यात रात्री खानापूरकडून येताना उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकले. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता आणि ह्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. बारा दिवस आयसीयूत होते. आता सात महिने झाले. चालतात, बोलतात, जेवतात. परत काढलेल्या स्कॅनमध्ये काही नाही म्हणाले. पण सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही, एकच गोष्ट दहादा विचारतात. नळ सोडून जातात. मागावर उभे राहिले की मधेच सोडून दारात जाऊन थांबतात. पोरांवर ओरडतात, हे आधी कधीच नव्हतं. काही बोललं की "मला काय झालंय? मी बरा आहे की" म्हणतात. सासूबाई बदाम आणि ब्राह्मी देतात. दीर म्हणतात, काम टाळायला नाटक करूलालाय. मी काय करू? (वडगाव, बेळगाव)

वहिनी, हे नाटक नाही. पुढचे दोन परिच्छेद दिरांना समोर बसवून वाचून दाखवा.

मेंदू मऊ असतो. कवटीचा आतला तळ मात्र कपाळाच्या मागे आणि कानांच्या बाजूला खडबडीत, कंगोरेदार असतो. वेगात असलेलं डोकं एकदम थांबलं की मेंदू त्या तळावर आपटतो, घासतो. त्यामुळे मार डोक्याच्या कुठल्याही बाजूला लागला तरी इजा बऱ्याचदा पुढच्या आणि कानांच्या बाजूच्या भागांना होते. पुढचा भाग काम सुरू करतो, सुरू केलेलं शेवटाला नेतो, राग आवरतो आणि आपलं काय चुकतंय हे आपल्याला कळवतो. कानाच्या बाजूच्या भागाशी नव्या आठवणी साठवण्याचं काम जोडलेलं आहे. तुमच्या पत्रातली एकेक तक्रार या दोन भागांशी जुळते. शिवाय अशा धक्क्यात मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे निरोप नेणारे बारीक लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज, हाडाची मोड दिसते. हे तुटलेले तंतू बऱ्याचदा दिसत नाहीत. म्हणून "स्कॅनमध्ये काही नाही" याचा अर्थ आता ऑपरेशनसारखं काही नाही, एवढाच घ्यायचा.

इजा किती मोठी होती याचा अंदाज घरबसल्याही येतो. डिस्चार्ज कार्डावर जीसीएस म्हणून आकडा असेल, म्हणजे माणूस किती शुद्धीत होता याचा. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही मोजणी आणली. ती ३ ते १५ अशी असते आणि ८ किंवा त्याखालचा आकडा गंभीर इजेचा. पण मला त्याहून उपयोगी वाटतो तो दुसरा प्रश्न. अपघातानंतर सलग आठवण त्यांना कुठल्या दिवसापासून आहे? डोळे कधी उघडले, "पाणी द्या" कधी म्हणाले ते सोडा. काल कोण भेटायला आलं होतं हे आज सांगता येणं कधीपासून सुरू झालं, ते आठवा. मधला काळ एका दिवसाहून जास्त असेल तर इजा गंभीर आणि आठवड्याहून जास्त असेल तर अतिशय गंभीर धरतात, मग माणूस आज वरून कितीही चांगला दिसो. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते हे खरं, पण ती तिथे थांबत नाही. दोन वर्षं आणि त्यानंतरही माणसं पुढे सरकताना मी बघते. सात महिन्यांवर आशा सोडायचं कारण नाही.

आता काय करायचं ते. आधी हे शोधा, की ते खरंच विसरतात की गोष्ट डोक्यात शिरतच नाही. माग आणि टीव्ही बंद असताना समोर बसून एकच गोष्ट सांगा, त्यांच्या तोंडून ती परत म्हणवून घ्या आणि अर्ध्या तासाने बघा. दुसऱ्या दिवशी तसलीच गोष्ट चारही माग चालू असताना मागनं ओरडून सांगा. पहिली राहिली आणि दुसरी गेली, तर मूळ दुखणं लक्षाचं आहे. मग बोलण्याची पद्धत बदला. जवळ जायचं, नाव घ्यायचं, त्यांनी बघितलं की एका वेळी एकच गोष्ट सांगायची. पॉवरलूमच्या खडखडाटात धड माणसाचंही लक्ष उडतं, त्यांचं तर उडणारच.

दुसरं, "आठवा बघू, आज कुठला वार?" हे विचारणं घरात बंद करा. मायेपोटीच विचारतो आपण, पण त्याने नुकसान होतं. आपण चूक उत्तर दिलं तर "हे चुकलं होतं" हेही आपल्या लक्षात राहतं. त्यांच्या लक्षात ते राहत नाही. तोंडातून निघालेलं चूक उत्तर मात्र मुरतं आणि पुढच्या वेळी तेच पुढे येतं. इंग्लंडमध्ये ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. स्मरणशक्तीला मोठी इजा झालेल्या माणसांना चुका करू न देता शिकवलं तर ती जास्त शिकतात. म्हणून उत्तर आधी सांगा. "आज सोमवार, सोमवारी व्यापाऱ्याकडे साड्या द्यायच्या." लगेच म्हणवून घ्या, मग एक मिनिटाने, मग दोन, चार, आठ मिनिटांनी. अडखळले की तर्क करायला लावू नका, सरळ सांगून टाका आणि अंतर कमी करा.

तिसरी गोष्ट वही, आणि वही ठेवा म्हणून सांगून भागत नाही, ती वापरायला शिकवावी लागते. एकच जाड वही, एकच जागा, पेन दोरीने बांधलेलं. आधी काही दिवस वही कशाला, तिच्यात काय कुठे आहे एवढंच पक्कं करायचं. मग तुम्ही शेजारी बसून लिहायचा सराव, चहाच्या वेळी आणि जेवणानंतर. त्यानंतरच ती बाहेर, व्यापाऱ्याकडे, दवाखान्यात न्यायची. ते एकच गोष्ट परत विचारतात तेव्हा तोंडी उत्तर देऊ नका, "वही बघूया" म्हणा आणि सोबत बघा. वैतागून म्हटलंत तर ती वही शिक्षा होऊन बसेल, मग हात लावणार नाहीत. नळाला आणि गोळ्यांना मोबाईलचा गजर लावा आणि गजरासोबत मजकूर दिसू द्या, "मागच्या दारचा नळ बघ" असा पूर्ण. असाच निरोप देणारा पेजर इंग्लंडमध्ये १४३ जणांना देऊन पाहिला होता. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा दर दहातल्या आठांहून जास्त जणांची रोजची कामं आधीपेक्षा नेमाने होऊ लागली होती. आज ते काम साधा फोन करतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माग. इथे मी थोडं जास्त सांगणार आहे, कारण घरोघरी नेमकं हेच राहून जातं. माणूस बरा होईपर्यंत त्याला कामापासून दूर ठेवतात, बदाम खायला घालतात, कोडी सोडवायला देतात, आणि "बरा झाला की कामाला बसेल" म्हणतात. माझ्या अनुभवात हे उलटं आहे. काम करता करताच तो बरा होत जातो. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया या सोव्हिएत तज्ज्ञांनी उरल भागातल्या रुग्णालयात मेंदूला जखमा झालेले सैनिक सांभाळले. मेंदूचा गेलेला भाग परत येईल म्हणून बसून न राहता, जे भाग शाबूत आहेत त्यांच्या आधाराने तेच काम दुसऱ्या रीतीने करायला शिकवायचं, हा विचार त्या कामातून पक्का झाला. तुमच्या मिस्टरांचं काय शाबूत असेल? हात. कांडी भरणं (धोट्यात बसवायच्या नळीवर सूत गुंडाळणं), तुटलेली तार सांधणं, साडीची घडी ही वर्षानुवर्षं हातात मुरलेली कामं मेंदूच्या वेगळ्या भागांतून चालतात आणि बहुधा टिकून राहतात. तार कशी सांधायची हे ते विसरले नसतील. तार तुटली आहे आणि आपण तिथे निघालो होतो, हे मधेच सुटतं.

म्हणून चालू मागावर लगेच नको. माग अंगावरचा कपडा ओढतो, आडवं सूत नेणारा धोटा उडतो, आणि लक्ष उडालेल्या माणसाला ते दोन्ही धोक्याचं. फिट आली असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय अजिबात नको. सकाळी डोकं ताजं असताना कांड्या भरण्यापासून सुरुवात करा. किती भरायच्या ते पाटीवर लिहून, रिकाम्या कांड्या तेवढ्याच मोजून समोर ठेवा. टोपली रिकामी म्हणजे काम पूर्ण. मोजणी डोक्यात ठेवायला लागत नाही. मधेच उठून दारात गेले तर हाक मारून विचारू नका की "का उठलात?" टोपलीकडे बोट दाखवा. हे जमलं की साडीच्या घड्या. मग एकच माग, दिवसा, दुसरं माणूस हाताशी असताना. चार माग एकदम बघणं हे शेवटचं, आणि ते दोनवरच थांबलं तरी घर चालेल असं बघा.

"मी बरा आहे" या वाक्याशी भांडू नका. तो हट्ट नव्हे. स्वतःची उणीव कळायचा भागच दुखावला आहे. त्यापेक्षा काम सुरू करायच्या आधी त्यांनाच विचारा, "जेवणाआधी किती कांड्या होतील?" ते सांगतील तो आकडा पाटीवर लिहा, नंतर झालेल्या कांड्या शेजारी लिहा, आणि काही बोलू नका. तीस म्हटलेलं आणि अकरा झालेलं त्यांनी स्वतः रोज बघितलं की हळूहळू अंदाज खाली येतो. तुमच्या सांगण्याने तो आला नसता.

पोरांवरच्या रागाची वेळ लिहून ठेवा. तो संध्याकाळी, गोंगाटात, थकव्यावर येतो असं बहुतेक आढळेल. मार लागलेला मेंदू साध्या कामानेही लवकर थकतो. तीन वाजता अंधाऱ्या खोलीत तासभर पडू द्या आणि पोरांचा अभ्यास त्या वेळी शेजारच्या घरी. बदाम खुशाल द्या. ब्राह्मीचा काढा किंवा गोळ्या असतील तर चालू औषधांबरोबर चालतील का ते डॉक्टरांना विचारा. दिरांना आठवड्यातल्या दोन दुपारी कांड्यांच्या टोपलीशेजारी बसवा, म्हणजे नाटक आहे की काय ते त्यांना दिसेल. त्या दोन दुपारी तुम्ही घराबाहेर पडा, कुठेही जा. सात महिने तुम्ही एकट्या दोन माणसांचं डोकं चालवताय, त्याला विसावा लागतो.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, बेळगावला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. चार महिन्यांपूर्वी बाईकवरनं पडला, दोन दिवस शुद्धीत नव्हता. आता कॉलेजला गेला की डोकं दुखतं, तासाला काय चाललंय कळत नाही म्हणतो. मी त्याला मेंदूचा व्यायाम घेणारं ॲप पैसे भरून घेऊन दिलं. त्यात त्याचे गुण रोज वाढतात, पण अभ्यास होत नाही. सिटिकोलिनच्या गोळ्याही चालू आहेत, महाग आहेत. आणखी किती दिवस? (निपाणी)

काका, ॲपमध्ये गुण वाढतात कारण त्याचा त्या खेळात हात बसला. त्या खेळातली चलाखी तशीच्या तशी थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला कामी येत नाही. अमेरिकेत कीथ सिसेरोन आणि त्यांचे सहकारी २००० सालापासून या विषयावरचे अभ्यास वेळोवेळी तपासून शिफारशी देत आले आहेत. पहिल्यापासून त्यांचं म्हणणं आहे की थेरपिस्टची सोबत नसताना नुसतं कॉम्प्युटरसमोर बसवून सराव करून घेण्यावर विसंबू नये. ॲप त्याला आवडत असेल तर दहा मिनिटं खेळू द्या, पण तो उपचार समजू नका. पुढच्या वर्षीचे पैसे भरू नका.

सिटिकोलिनबद्दल स्पष्ट सांगते. अमेरिकेत मेंदूला मार लागलेल्या १,२१३ जणांवर याची मोठी चाचणी झाली. निम्म्यांना नव्वद दिवस औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली मात्रा. २०१२ मध्ये निकाल आला, तेव्हा कामकाजात किंवा बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हा उतारा डॉक्टरांना दाखवून "ही गोळी बंद करता येईल का?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फिटची गोळी चालू असेल तर ती मात्र वेगळी. ती स्वतःहून एक दिवसही चुकवायची नाही. दोन्ही एकाच डबीत असतात म्हणून मुद्दाम सांगते.

त्या गोळ्यांच्या पैशात मुलासाठी आठवड्यातून एकदा थेरपी बसू शकते. आणि कॉलेजात आत्ताच या गोष्टी करा. पूर्ण दिवस नको, अर्धाच. सगळे विषय नकोत. प्राचार्यांना भेटून या सत्राला दोन-तीन विषय सोडायची परवानगी मागा. वर्ष लांबलं तरी लांबू दे. पाठोपाठ नापास होऊन मुलगा खचतो, ते सावरणं जास्त अवघड असतं. पहिल्या बाकावर, पंख्याच्या आणि दाराच्या आवाजापासून लांब. शिक्षकांची परवानगी घेऊन तास रेकॉर्ड करायचा. घरी वीस मिनिटं वाचन, दहा मिनिटं डोळे मिटून. डोकेदुखी वाढायच्या आधी थांबायचं, वाढल्यावर नव्हे. प्रत्येक गणिताआधी मोठ्याने चार गोष्टी म्हणायची सवय लावा: थांब, काय काढायचंय, पायऱ्या कुठल्या, आत्ता मी कुठल्या पायरीवर आहे. पोरकट वाटेल, पण ध्येय ध्यानात धरून काम करायला शिकवण्याच्या पद्धती याच पायावर उभ्या आहेत आणि पुढच्या भागाच्या इजेत त्या उपयोगी पडतात.

इजा टिकून राहिली आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांचं किंवा त्यावरचं मिळालं, तर केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मागता येतात. विद्यापीठाकडे अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्या. आणि दारू नाही, बाईक नाही, कबड्डी नाही. पहिला मार भरत असताना दुसरा बसला तर तो हलका दिसला तरी महागात पडतो.

प्रश्न : आई ५२ वर्षांची, शिक्षण मराठी चौथी. घराच्या माळ्यावरनं पडली. दवाखान्यात तिची बुद्धीची चाचणी कानडीत घेतली. आईला बाजारापुरतं कानडी येतं. "स्मरणशक्ती फार कमी" असं लिहून दिलं. घरी तर ती नातवंडांची नावं, उसनवारी सगळं सांगते. पण आमटीत मीठ दोनदा पडतं, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, आणि परवा गॅस चालू राहिलेला तिला कळलाच नाही, वास येत नाही म्हणते. तिला स्वयंपाकघरात जाऊ द्यायचं की नाही? (नंदगडजवळचं एक गाव, ता. खानापूर)

चाचणीचं आधी. त्या कागदावर विसंबू नका, परत करून घ्या. स्मरणाच्या चाचणीत शब्दांची यादी ऐकवून परत म्हणायला लावतात. जो शब्द नीट कळलाच नाही तो आठवणार कुठून? तिथे तिच्या स्मरणशक्तीऐवजी तिचं कानडी मोजलं गेलं. शिक्षणाचंही तसंच. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेने २००४ मध्ये भारतीय माणसांसाठी चाचण्यांचा जो संच तयार केला, त्यात गुण वय आणि शिक्षण बघून ताडले जातात. चौथी शिकलेल्या बाईला पदवीधराच्या मापाने मोजायचं नसतं. आपल्या भागात हे प्रसंग वारंवार येतात म्हणून सगळ्याच वाचकांना सांगते. चाचणीच्या आधी ठामपणे म्हणा, "पेशंटची भाषा मराठी आहे, मराठी येणारे मानसतज्ज्ञ हवेत." बेळगावात मिळतात, नाहीतर कोल्हापूर, मिरज आहे. धारवाडच्या डिमहान्सला (तशीच संस्था) किंवा बंगळूरला गेलात तर दुभाषी मागा. मुलीने शेजारी बसून मान डोलावत उत्तरं सुचवायची नाहीत, त्याने निकाल उलट बाजूला चुकतो. आई मराठी बोलताना मधेच कानडी शब्द घालते म्हणून कुणी दोष काढला तर घाबरू नका. बेळगाव-खानापुरात सगळेच तसं बोलतात. पूर्वी नव्हतं आणि आता पुण्याच्या पाहुण्याशीही कानडीत बोलत सुटते, समोरच्याला कळत नाही हे तिच्या ध्यानात येत नाही, असं असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं.

सराव कुठल्या भाषेत? ज्या जागी जी भाषा लागते त्या भाषेत. डब्यांवर "मीठ", "साखर" मराठीत, मोठ्या अक्षरात. एसटीची पाटी कानडीत असते, तर तिच्या गावच्या पाटीचा फोटो छापून पिशवीत ठेवा; अक्षर वाचायचं नाही, फोटोशी जुळवायचं.

आता स्वयंपाकघर. जाऊ द्या. आयुष्यभर चूल सांभाळलेल्या बाईला तिथून उठवलं तर दिवसभर ती काय करणार? पण व्यवस्था बदला. दिवसभराच्या आमटीचं मीठ सकाळी एका वाटीत मोजून काढून ठेवा आणि मिठाचा डबा वर ठेवून द्या. वाटी रिकामी दिसली म्हणजे मीठ पडलं. शिट्ट्यांसाठी चिंचोके. डाळीला तीन शिट्ट्या तर तीन चिंचोके ओट्यावर. शिट्टी झाली की एक वाटीत टाकायचा. ओट्यावरचे संपले की गॅस बंद. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी उभं राहून, हात धरून, चूक होऊ न देता हे करून घ्या. मग अंतर वाढवा.

वास हा यातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे आणि लोक त्याची गोष्ट डॉक्टरांना सांगतही नाहीत. नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे तंतू कवटीच्या तळातल्या बारीक छिद्रांतून जातात, धक्क्याने ते कातरले जातात. काहींचा वास पहिल्या वर्षात थोडाफार परत येतो, काहींचा येत नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो तो गळती कळावी म्हणूनच. तिच्यासाठी ती सोय आता नाही. गॅस गळतीचा भोंगा वाजवणारं यंत्र बाजारात मिळतं, ते आणा आणि खाली, जमिनीजवळ बसवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम घरातल्या दुसऱ्या एकाच माणसाचं. शिळं अन्न वासावरून ओळखायचं काम तिच्याकडे ठेवू नका. जेवण बेचव लागतं म्हणून ती कमी खात असेल तर वजन बघत राहा.

प्रश्न : मी ट्रॅक्टर चालवतो. दवाखान्यातनं येऊन दोन महिने झाले. एकदा फिट आली होती, आता गोळ्या आहेत, काही त्रास नाही. हंगाम जवळ आलाय. गाडीवर कधी बसू? (चिकोडी तालुका)

या हंगामात नाही, दादा. राग आला तरी चालेल. लायसन्सच्या अर्जासोबतच्या जाहीरनाम्यातच फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असं विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहून ट्रॉली रस्त्यावर काढलीत तर मागनं येणाऱ्याच्या घरी काय होतं ते पहिल्या पत्रात वाचा. न्यूरॉलॉजिस्ट लेखी परवानगी देतील तेव्हाच. त्यांनी नजरेचा पूर्ण घेर आणि प्रतिसादाचा वेगही तपासायला हवा. कडबा कुट्टी, विहीर, उंच शिडी, चुलीजवळ एकटं, हे सगळं तोवर बंद. गोळी चुकवू नका, रात्री जागू नका, दारू अजिबात नको. या तिन्हींनी फिट ओढवते. हंगामात काटा, वजनाच्या पावत्या, मजुरांची हजेरी असली बसून करायची कामं मालकाकडे मागून बघा, आणि पावती दोनदा तपासायची सवय लावून घ्या.

प्रश्न : भाऊ सरकारी कार्यालयात क्लार्क. डोक्याच्या इजेनंतर तो सावकाश झालाय, फायलींत चुका होतात. वरिष्ठ म्हणतात, राजीनामा दे किंवा शिपायाच्या जागेवर जा. तो सही करायला निघालाय. (बेळगाव)

सही करू देऊ नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलंय की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने कामावरून काढायचं नाही आणि दर्जाही कमी करायचा नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या योग्य जागेवर बदलायचं. तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा पद धरून ठेवायचं. क्लार्कला शिपाई करणं यात बसत नाही.

त्यासाठी कागद लागतील. डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचा अहवाल, त्याच्या भाषेत झालेली बुद्धीची चाचणी, आणि यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ज्याचा अर्ज ऑनलाइन भरून सरकारी रुग्णालयातल्या मंडळासमोर जायचं असतं. अपघाताने झालेली मेंदूची इजा त्या कायद्याच्या यादीत वेगळ्या नावाने नाही, म्हणून मंडळासमोर "विसरतो" एवढंच सांगू नका. रोजच्या कामात काय अडतं ते लिहून न्या: पत्ता शोधता येत नाही, पैशाचा हिशेब चुकतो, दोन माणसं एकदम बोलली की काही कळत नाही.

वरिष्ठांना अर्ज देताना तक्रारीचा सूर नको, काय बदललं तर काम होईल ते लिहा. काम तोंडी न सांगता लिहून मिळावं, एका वेळी एकच फाइल, खिडकीवरच्या गर्दीऐवजी आतलं टेबल, जेवणानंतर अर्धा तास विश्रांती, आणि पहिले तीन महिने बाहेर जाण्याआधी प्रत्येक फाइल दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या नजरेखालून. अर्ज कानडीत आणि इंग्रजीत करा, मराठी प्रत आपल्याजवळ ठेवा, आणि आवक विभागाचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका.